तांब्यातला ऑपेरा

सरांना खोडरबराचा मनापासून राग होता. आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात ते पहिल्यांदा आले त्या शनिवारी त्यांनी आम्हा सगळ्या शिक्षकांना पर्स, पाकिटं, कंपासपेट्या उघडायला लावल्या आणि होते नव्हते तेवढे रबर लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत गोळा करून झाकण घट्ट लावून टाकलं.

"चुकलेली रेघ तशीच राहू दे," ते म्हणाले. "तिच्या बाजूला दुसरी काडा. कुटं चुकलो ते दिसाया पायजे."

आमचे गणिताचे सर तेव्हा बावन्न वर्षांचे होते. मुलांकडून त्यांनी आजवर काय काय जप्त केलं असेल, पण स्वतःची वस्तू जप्त होण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

कलेतून शिक्षण द्या, असं एक परिपत्रक त्या वर्षी शाळेत आलं होतं. म्हणजे काय करायचं ते कोणालाच कळत नव्हतं. मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणायचो, त्यांनी कोणाकडून तरी या सरांचं नाव ऐकलं. उरणच्या एका हायस्कुलात तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, कोळीवाड्यात मुलीकडे राहणारे, आणि शिक्षकांना फुकट शिकवायला तयार असणारे. फुकट म्हटल्यावर मोठ्या बाईंनी पुढचं काही विचारलं नाही. शनिवारी आमची सकाळची शाळा साडेअकराला सुटायची. बारा वाजता सर उरणच्या एसटीने पनवेलच्या स्टँडवर उतरून चालत शाळेत यायचे. रिक्षात ते कधीच बसले नाहीत. रिक्षावाला सारखा बोलतो आणि मग रस्त्यातलं काही ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

उंच, काळेसावळे, खांदे किंचित पुढे आलेले. बुशशर्टाच्या खिशात पेन्सिलींचे बोटभर तुकडे. नवी पेन्सिल ते कापून तिचे तीन भाग करत, कारण लांब पेन्सिल हातात असली की माणूस आखडून काढतो. एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर. खुर्चीवर बसत नसत. "खुर्चीत बसलेला मानूस आइकत नाय, नुसता दिसतो," असं म्हणून ते सरळ फरशीवर मांडी घालत आणि मग आम्हालाही खाली बसावं लागे.

त्यांचं बोलणं ऐकून आमच्यातल्या दोघीतिघींचा आधी गैरसमज झाला. माणूस शिकलेला आहे की नाही, अशी कुजबुज झाली. ती त्यांच्या कानावर गेली असावी. ते म्हणाले, "तीस वर्सं फळ्यासमोर शुद्ध बोललो. तुमच्यापेक्षा शुद्ध. रिटायर झालो त्या दिवशी ती भाषा कपाटाच्या चावीबरोबर शाळेला परत दिली. आता माज्या आयसच्या, आईच्या भाषेत बोलनार."

पण या सगळ्यापेक्षा विचित्र गोष्ट होती ती त्यांच्या पिशवीतली. पितळेचा एक तांब्या. ते तांब्या मध्यभागी ठेवत, खिशातला मोबाइल काढून त्यावर काहीतरी लावत आणि मोबाइल तांब्यात सोडून देत. मग त्या तांब्यातून एखादी बाई किंवा पुरुष परक्या भाषेत असा काही आवाज लावायचा की बाहेर व्हरांड्यात झाडणाऱ्या मावशी दारात येऊन उभ्या राहत.

"ह्याला आपेरा म्हनतात," सर सांगत. "ह्याच्यात सगळं गाऊनच बोलतात. चाकू खुपसला तरी मानूस पडत नाय, आधी पाच मिनिटं गातो."

त्यांचे वडील मालवाहू जहाजावर इंजिनच्या खोलीत काम करायचे. एकदा इटलीतल्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी रेकॉर्डी भरलेली एक पेटी आणली. गाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पेटीवरचं रंगीत चित्र आवडलं म्हणून आणली. वडील पुन्हा दर्यावर गेले की घरात ती गाणी वाजायची. आई ओट्यावर मासळी साफ करता करता ऐकायची आणि मुलाला गोष्ट सांगायची: ही बाई रडते, हिचा नवरा दर्यावर गेलाय, हा तिचा दीर, हा तिला समजावतोय. मुलगा कोळशाने भिंतीवर ती गोष्ट काढायचा. पुढे मुंबईला चित्रकला शिकायला गेल्यावर एका मित्राने त्यांना खरी गोष्ट सांगितली. ती बाई राणी होती आणि रडत वगैरे नव्हती, कोणाला तरी ठार मारायचा हुकूम देत होती.

"मग, सर?" मी विचारलं.

"मग काय? आयसचीच गोष्ट खरी. तिनं आइकलं व्हतं. त्यानं वाचलं व्हतं."

हीच त्यांची शिकवण्याची पद्धत. भाषा कळत नाही म्हणून कान उघडे राहतात, असं ते मानायचे. आधी डोळे मिटून ऐकायचं. मग आवाज जसा जाईल तशी कागदावर एकच रेघ न्यायची. मग तिला रंग द्यायचा. मग विचारायचं की हे कोण बोलतंय आणि कोणाला. आणि सगळ्यात शेवटी त्याच्या तोंडी आपला धडा घालायचा. "मुलांना नंतर शिकवा," ते म्हणत. "आधी तुमी गा."

हे आमच्याने होणारं नव्हतं. दर शनिवारची सुरुवात हजेरीने व्हायची आणि ती गाऊन द्यावी लागायची. ते तांब्यावर बोटाने ताल धरून एकेकाचं नाव गात, आणि 'हजर' हा शब्द आपण आपल्या चालीत म्हणायचा. पहिल्या दोन आठवड्यांत चार जणांना अचानक घरची कामं निघाली.

माझी पाळी आली की मी पुटपुटायचे. मी विज्ञान शिकवते. शाळेत असताना समूहगीतात उभी राहायचे तेव्हा आमच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून मी लग्नाकार्यातसुद्धा नुसते ओठच हलवत आले होते. तिसऱ्या शनिवारी सगळे गेल्यावर मी सरांना हे सांगितलं आणि हजेरीतून मला सूट द्या म्हटलं.

त्यांनी ऐकून घेतलं. त्या बाईंबद्दल वाईट काही बोलले नाहीत. म्हणाले, "तुमचा पोरगा खाली खेळतो. त्याला जेवायला कशी हाक मारता?"

"मारते, सर. गॅलरीतून."

"मारा आता."

रिकाम्या वर्गात मी माझ्या मुलाला हाक मारली. पहिल्यांदा हळू, मग त्यांनी हाताने वर केल्यावर मोठ्याने. त्याच्या नावातलं शेवटचं अक्षर मी लांबवते हे मला तोवर माहीतच नव्हतं. सरांनी तेवढ्यात कागदावर एक रेघ काढली होती. ती मला दाखवत म्हणाले, "हे गानंच हाय बाय. कोन म्हनतं तुमाला येत नाय?"

पुढच्या शनिवारी मी 'हजर' म्हटलं ते त्याच चालीत. चाळिसाव्या वर्षी.

एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना मासळी बाजारात नेलं. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठा, कागद आणि पेन्सिलीचा तुकडा. मासे काढायचे नाहीत, माणसं काढायची नाहीत, फक्त आवाज काढायचे. मराठीच्या बाई नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. एका कोळीण मावशींनी आमची ती वरात बघून विचारलं, "काय गं बायांनो, सर्वे हाय काय? कोनाची जागा जाते आता?"

"कोनाची नाय," सर म्हणाले. "तुमचा आवाज न्यायला आलेत."

"नेऊ दे. दोन बोंबील पन न्या सांगा."

त्या दिवशी सगळ्यात चांगलं चित्र गणिताच्या सरांनी काढलं. त्या मावशींचा आवाज त्यांनी एका जाड रेघेने वर वर नेला होता, गिऱ्हाईक थांबलं तिथे रेघ सपाट केली होती आणि गिऱ्हाईक निघून गेलं तिथे ती कागदाच्या खालच्या कडेपर्यंत ओढत आणली होती. सरांनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग गणिताच्या सरांच्या पाठीवर नुसता हात ठेवला. सोमवारपासून नववीच्या वर्गात आलेखाचा धडा बाजारातल्या आवाजांवरून सुरू झाला.

मी सातवीला पचनसंस्था गाऊन शिकवली. घासाचा प्रवास. जुन्या चादरीवर मुलांनी अन्ननलिकेपासून मोठ्या आतड्यापर्यंत सगळा रस्ता रंगवला, एक मुलगा घास झाला आणि वाटेत भेटेल तो अवयव त्याच्याशी गाऊन बोलू लागला. जठर मीच झाले होते. सर मागे भिंतीला टेकून ऐकत होते. मधेच म्हणाले, "जठर असं गोड गाईल काय? त्यात आम्ल हाय, बाय." वर्ग खो खो हसला आणि मी आम्लासारखी गायले. त्या परीक्षेत पचनाच्या प्रश्नाला कोणीही कोरी जागा सोडली नाही.

असं दीड वर्ष चाललं. आज मागे वळून बघताना वाटतं की तिथेच थांबावं, पुढचं सांगू नये. पण पुढचं सांगण्यासाठीच तर लिहायला बसले आहे.

दुसऱ्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात नेहमीची नाचगाणी न करता आपण आठवीच्या मुलांचा अर्ध्या तासाचा ऑपेरा करू, असं ठरलं. मी आठवीची वर्गशिक्षिका होते. विषय मुलांनीच काढला: टेकडी. विमानतळासाठी जी टेकडी कापली तिच्या पायथ्याच्या गावांतली बरीच घरं करंजाड्याला येऊन नव्याने वसली होती आणि त्या घरांतली सात-आठ मुलं माझ्या वर्गात होती. टेकडी त्यांना धड आठवतही नव्हती. घरातली मोठी माणसं तिच्याबद्दल बोलायची, तेवढंच.

त्यातल्या प्रांजल नावाच्या मुलीची आजी एका शनिवारी वर्गात आली. सरांसारखीच खुर्ची नाकारून खाली बसली. टेकडीवर गवत कापायला जायचो, करवंदं कुठे असायची, कोणत्या दगडाशी बायका भारा टेकवून दम खायच्या, सगळं सांगितलं. मग सरांनी विचारलं, "उतरताना काय गायचात?" आजी लाजली. पदर तोंडाला लावून तिने दोनच ओळी म्हटल्या:

उतरते गं बाय डोंगरा, भारा डोईला झाला जड,
तुजी सावली सोड थोडी, माज्या अंगनाला धाड.

सरांनी ते तीनदा म्हणवून घेतलं. चौथ्यांदा आजीबरोबर प्रांजलने म्हटलं. तिचा आवाज जाडसर होता, वयाच्या मानाने खोल. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि आमचा शेवट ठरला. मुलांनी पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यांवर टेकडी रंगवायची आणि ते तुकडे धरून रंगमंचावर टेकडी उभी करायची. शेवटी एकेक तुकडा खाली ठेवत टेकडी नाहीशी करायची, आणि रिकाम्या रंगमंचावर प्रांजलने एकटीने, माइकशिवाय, त्या दोन ओळी म्हणायच्या. मग पडदा.

संमेलनाला तीन आठवडे राहिले असताना सरांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी त्यांना प्रवास बंद केला. याच तीन आठवड्यांत मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं.

त्या वाईट नव्हत्या, हे मला सांगायलाच हवं. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. म्हणाल्या, "प्रमुख पाहुणे आपले विश्वस्त आहेत. त्यांचे डंपर तिथेच चालले होते, सगळ्या गावाला माहीत आहे. त्यांच्यासमोर टेकडी गेली म्हणून पोरीने रडायचं?"

"ती रडत नाही, बाई. गाते."

"तेच ते. तुमच्या विषयाची प्रयोगशाळा मी त्यांच्याकडून मागते आहे. शेवट जरा प्रसन्न करा. टेकडी जाते आणि विमान येतं. तेही खरंच आहे ना?"

मी दहा वर्षं ती प्रयोगशाळा मागत होते. मी हो म्हणाले. पुठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला मुलांकडून विमानाचे तुकडे रंगवून घेतले. शेवटी पुठ्ठे फिरवायचे, विमान तयार होईल आणि स्पीकरवर एक जोरकस ध्वनिफीत वाजेल. प्रांजलला मी व्हरांड्यात गाठून सांगितलं की तुझं गाणं या वर्षी नको, पुढच्या वर्षी घेऊ.

ती म्हणाली, "बाई, आजीला सांगून ठेवलंय. ती शेजारच्या बायकांना पण घेऊन येणारे."

"मी सांगते आजीला," मी म्हटलं. आणि सांगितलं नाही. सरांना तर फोनही केला नाही.

संमेलनाच्या दिवशी सर डोळ्यांना काळा चष्मा लावून आले. तिसऱ्या रांगेत आजी होती, हिरवं लुगडं नेसलेली, बरोबर पाच-सहा बायका. टेकडी उभी राहिली तेव्हा त्या बायकांमध्ये चुळबुळ झाली, एकीने बोट दाखवून दुसरीला कुठलातरी दगड दाखवला. मग पुठ्ठे फिरले, विमान झालं, ध्वनिफीत वाजली. टाळ्या भरपूर पडल्या. विश्वस्त उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मैदानाच्या कडेला सर मला भेटले. त्यांच्याबरोबर आजीही चालत आली होती. प्रांजल दोन पावलांवर पुठ्ठा हातात घेऊन उभी होती.

"पोरीचं गानं कुटं गेलं?" सरांनी विचारलं.

आजी माझ्याकडे बघत होती. मला तेव्हा काय झालं ते आजही सांगता येत नाही. मी म्हणाले, "आयत्या वेळी घाबरली ती. म्हणून मग हा शेवट घेतला. होतं असं लहान मुलांचं."

प्रांजलने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग खाली घातली. आजीने तिला जवळ ओढलं आणि म्हणाली, "जाऊ दे गं. मोटी मानसं बसली की मी पन अशीच भ्यायची." सरांनी प्रांजलच्या हातातला पुठ्ठा घेतला, उलटा केला, विमानाच्या पंखावरून अंगठा फिरवला आणि परत दिला.

पुढच्या शनिवारी ते नेहमीसारखे आले. हजेरी गायली, तांब्या मांडला, सगळं झालं. सगळे गेल्यावर मी चपला घालत होते तेव्हा म्हणाले, "बसा, बाय."

मी बसले.

"विमानाचा रंग वाळलेला व्हता. त्या रंगाला वाळाया दोन दिवस लागतात."

मी पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली.

"काल मुद्दाम येऊन पोरीला शाळेच्या गेटाशी विचारलं मी. तिनं सांगितलं. मग म्हनाली, सर, घरी सांगू नका. तिचा बाप त्याच विश्वस्ताच्या डंपरवर ड्रायव्हर हाय. घरात कळलं तर तो भांडाया येल आनि नोकरी जाईल. तेरा वर्सांची पोर. एवडा विचार तिनं केला."

"सर, मोठ्या बाई म्हणाल्या..."

"तुमी त्यांना भ्यालात त्याचं मला काय नाय. मी तीस वर्सं हेडमास्तरला भ्यालो. पन तुमची भीती तुमी पोरीच्या अंगावर टाकलीत."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "आता आजीला एकटीला जाऊन सांगा. ती कुनाला बोलनार नाय. मी सांगू शकत नाय, मी पोरीला शब्द दिलाय. पन तिनंच सांगितलं, बाई आल्या आनि त्यांनी सांगितलं तर चालेल."

"ती स्वतःच का नाही सांगत?"

"तिनं सांगितलं तर आजीला वाटेल, पोर आपली लाज झाकते. तुमीच जायाला पायजे."

मी जाते म्हणाले. करंजाडे काही लांब नाही, शाळेपासून रिक्षाने दहा-बारा मिनिटं. पण त्या आठवड्यात पेपर तपासायचे होते. पुढच्या शनिवारी वर्ग संपल्यावर सरांनी एवढंच विचारलं, "गेलात?"

"या आठवड्यात जाते, सर."

त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा, "गेलात?" मुलाला ताप होता. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी खरंच निघाले होते, इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत गेले, आजी खाली चार बायकांत बसलेली दिसली आणि तिथूनच परत फिरले. हे मी सरांना सांगितलं नाही. चौथ्या शनिवारी त्यांनी विचारलं तेव्हा मी नुसती नाही अशी मान हलवली. ते तांब्या पिशवीत घालत होते. म्हणाले, "बरं."

पाचव्या शनिवारी ते आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत.

बाकीच्यांना त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं. माझ्याबद्दल कोणाशी एक शब्द काढला नाही. दोन-तीन आठवडे आम्हीच वर्ग चालवून बघितला, पण हजेरी गायला कोणी पुढे होईना. मग शनिवारी ऑनलाइन माहिती भरायचं काम आलं आणि ती वेळ त्यात गेली. मोबाइल त्याच खोलीत असायचे, आकडे भरायला. प्रयोगशाळा मात्र झाली. दारावर विश्वस्तांच्या वडिलांच्या नावाची पाटी आहे. मी रोज तिथे शिकवते.

सरांना मी दोनदा फोन केला. ते आनंदाने बोलले, नातवाने चित्रात कोळंबी काढलीय म्हणाले, डोळा आता बरा आहे म्हणाले. आणि फोन ठेवायच्या आधी दोन्ही वेळा तोच प्रश्न. रागाने नाही, जेवलात का विचारावं तसा. तिसऱ्यांदा फोन करायचं धाडस मला झालं नाही.

पुढच्या जूनमध्ये प्रांजल नववीत गेली आणि तिथेही वर्गशिक्षिका मीच होते. ती दहा दिवस शाळेत आली नाही. परत आली तेव्हा रजेचा अर्ज माझ्यासमोर ठेवला: आजी वारल्यामुळे. मी सही केली. "वाईट झालं," एवढं म्हणाले. ती म्हणाली, "हो बाई," आणि जागेवर जाऊन बसली. दहावी होईपर्यंत ती वर्गात प्रार्थनेलाही ओठ हलवायची फक्त. ते मी बघत होते, आणि मी बघतेय हे तिला माहीत होतं.

गेल्या वर्षी सर गेले. शिक्षकांच्या ग्रुपवर निरोप आला. आम्ही सहा जण उरणला गेलो. त्यांच्या मुलीने घरात नेलं, भिंतभर कागद लावलेले होते, सगळ्या आवाजांच्या रेघा. गणिताचे सर एकेका कागदासमोर उभे राहून तो कोणाचा असेल ते ओळखायचा प्रयत्न करत होते. मुलगी म्हणाली, "बाबा शेवटी शेवटी शनिवारी सकाळी अंघोळ करून, शर्ट घालून बसायचे. कुठे जायचंय विचारलं तर म्हणायचे, कुठं नाही."

त्याच आठवड्यात मी करंजाड्याला गेले.

प्रांजलच्या आईने दार उघडलं. प्रांजल कॉलेजातून नुकतीच आली होती. वडील आता डंपरवर नव्हते, स्वतःचा टेम्पो होता. मी बसले, पाणी प्यायले आणि जे सांगायचं ते एका दमात सांगितलं. ती घाबरली नव्हती. मी तिला गाऊ दिलं नाही आणि वर तुमच्या सासूबाईंसमोर खोटं बोलले.

तिची आई पदराचं टोक पिळत बसली. मग सासूबाईंबद्दल म्हणाली, "आत्या शेवटपर्यंत म्हनायच्या, मीच पोरीला चारचौघांत जाऊ दिलं नाय, म्हनून ती भित्री झाली. स्वतःला दोष देत व्हत्या. त्यांना तेवडं सांगायला पायजे व्हतं, बाई."

मी मान खाली घातली. त्या मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा ठेवला.

प्रांजल मला रिक्षापर्यंत सोडायला खाली आली. एकोणीस वर्षांची झालीय, उंच झालीय. कॉलेजच्या नाटकांचे पडदे रंगवते म्हणाली. गातेस का, असं मी विचारलं. नाही म्हणाली, अगदी सहज.

गेटाशी आल्यावर ती थांबली. म्हणाली, "सरांनी मला सांगितलं होतं, बाई शनिवारी येतील. शाळा सुटली की मी इथे उभी राहायचे."

"कशाला?"

"तुम्हाला आमची बिल्डिंग सापडली नसती. सगळ्या सारख्याच दिसतात."

मी विचारलं, "किती शनिवार उभी राहिलीस?"

ती जरा आठवून म्हणाली, "आजी होती तोपर्यंत."